यादीतलं पाचवं नाव

लुकस तायडेचा दिवस पहाटे चारला सुरू होई. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. राजूरच्या खाणीचा पहिला भोंगा पाचला वाजे, आणि त्याच्या आत लुकसची भाकर थापून, अर्धी खाऊन, अर्धी फडक्यात बांधून झालेली असे. भोंगा झाला की घण खांद्यावर टाकून तो चुन्याच्या भट्टीकडे निघे. ऊन चढायच्या आधी जो दगड फुटला तोच खरा. नऊनंतर दगड तापतो, माणूसही तापतो, आणि त्याच कामाला दीडपट घाव लागतात.

काम सोपं नव्हतं. भट्टीला लागणारा दगड नारळाएवढा हवा. मोठा राहिला तर आतून कच्चा निघतो, बारीक झाला तर भट्टीची हवा कोंडते. फोडलेल्या दगडाचा ढीग चौकोनी रचायचा, आणि त्याच्या मापावर मजुरी. काही जण ढीग आतून पोकळ रचत. लुकसच्या ढिगात पहार घातली तरी कुठे पोकळी लागत नसे. मुकादमानं त्याचा ढीग मोजताना टेप एकदाच लावायचा, हे ठरून गेलं होतं.

घरात तो एकटाच होता. बायको कोकिळा छप्पनच्या उन्हाळ्यात तीन दिवसांच्या तापानं गेली. मूल नव्हतं. भाऊ बळीराम घाटंजीला. त्याच वर्षी दसऱ्याला बळीराम अख्ख्या वस्तीबरोबर नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. लुकस लहानपणी मिशनच्या शाळेत वाढला होता, तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला होता. तो भावाला भेटायला गेला तेव्हा बळीरामनं त्याला शेजारी बसवून जेवू घातलं.

"तुह्या वाटंनं तू जाय, आमी आमच्या," बळीराम म्हणाला. "पण येत जाय गा."

लुकस दोन वेळा गेला. मग दोघांचे सण वेगळे पडले, सुट्या वेगळ्या पडल्या, आणि जाणं सुटलं. भांडण काहीच नव्हतं.

राहिलं चर्च. वस्तीच्या टोकाला कवेलूंच्या छपराची ती लहान इमारत. घंटेऐवजी कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला. बावीस घरांची मंडळी. कोणी खाणीत, कोणी रेल्वेत, एक शाळामास्तर, आणि वणीच्या जिनिंगमध्ये फिटर असलेले बाबाराव वानखडे, म्हणजे मंडळीतलं सगळ्यात बरं घर. चुन्याच्या भट्टीवर मात्र चर्चमधला एकटा लुकसच. तो तिथे किती दगड फोडतो, हे चर्चमध्ये कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

सत्तावनच्या श्रावणात हौदाच्या पाण्यात भाजलेला चुना विझत होता. फावडं घेऊन लुकस वाकला आणि उकळता शिंतोडा डाव्या डोळ्यात गेला. चूक त्याचीच. चुना विझताना हौदावर वाकायचं नसतं, हे तो नव्या माणसांना स्वतः सांगत असे. डोळा गेला. अडीच महिने तो खाटेवर होता.

त्या अडीच महिन्यांत मंडळीनं त्याला जगवलं. चर्चमध्ये एक रीत होती. प्रत्येक घरची बाई भाकरीचं पीठ मळण्याआधी मूठभर ज्वारी चुलीशेजारच्या डब्यात बाजूला टाके. रविवारी सगळे डबे चर्चच्या दाराशी ठेवलेल्या पोत्यात रिते होत. मग उपासना संपली की पाळक अमोलिक गरजूंची यादी वाचत, आणि बाबारावांची बायको सत्यभामाबाई एकेकाच्या हातात ज्वारीची पुरचुंडी देई. लुकस आजारी असताना ती स्वतः पुरचुंडी घेऊन घरी यायची. वरण शिजवून ठेवायची, डोळ्यावरची पट्टी बदलायची, आणि जाताना ओरडून जायची, "हात लावू नोको डोयाले! लावला तं हातच बांधून टाकीन!"

लुकस ते विसरला नाही. पण तो कामावर रुजू झाला तरी यादीतलं त्याचं नाव तसंच राहिलं. यादीत चार म्हाताऱ्या विधवा होत्या, आणि पाचवा लुकस. दर रविवारी त्या चौघींच्या मागे तो रांगेत उभा राही.

"सत्यभामावहिनी, मी कामावर जाऊन राह्यलो आता. मले नोको."

"असू दे गा. एका डोयानं कितीक काम होते?"

"पह्यले होत होतं तेवढंच."

"हो, हो," ती म्हणे, आणि पुरचुंडी त्याच्या हातात कोंबे. लेकराला समजावतात तसा तो 'हो, हो' असे.

तेवढंच काम होई हे खरं होतं, पण ते फुकट आलं नव्हतं. एका डोळ्याला दगडाचं अंतर कळत नाही. पहिल्या महिन्यात घण तीनदा चुकला आणि अंगठ्याचं नख गेलं. मग त्यानं नवी पद्धत बसवली. डाव्या हाताचं बोट दगडाच्या शिरेवर ठेवायचं, जागा मनात धरायची, हात काढायचा आणि घाव तिथेच घालायचा. डोळ्याला विचारायचंच नाही. अठ्ठावनच्या दिवाळीपर्यंत त्याचा ढीग पूर्वीएवढा झाला. भट्टीवर हे सगळ्यांनी पाहिलं. चर्चमध्ये कोणी पाहिलं नाही.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात मास्तरांचे वडील वारले. मंडळीतल्या माणसाची कबर मंडळीतल्या पुरुषांनीच खणायची, अशी चाल. लुकस पहार घेऊन गेला. रेल्वेतला गँगमन मारोतराव, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या पोटाचा माणूस, त्यानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू बस गा सावलीत. डोयात माती गेली म्हंजे?"

लुकस सावलीत बसला. सहा माणसांना त्या कबरीला चार तास लागले. जमीन मुरमाची होती, आणि ते पहार सरळ उभी मारत होते. मुरूम सरळ फुटत नाही. थर पाहून पहार तिरपी घालायची असते, मग तो खापरीसारखा उठतो.

"तिरपी मारा," लुकस सावलीतून म्हणाला.

"तू नोको तरास घेऊ," मारोतराव धापा टाकत म्हणाला.

असंच सगळं. कोणाच्या घरी मांडव घालायचा असे, कोणाचं छप्पर शाकारायचं असे. त्याला बोलावणं नसे. बाया रस्ता ओलांडून त्याच्याकडे येत, डोळा कसा आहे विचारत, आणि शिडी मागायला शेजारच्या घरी जात. त्याच्या घरी शिडी होती. लोक त्याला देत होते, विचारपूस करत होते. मागत मात्र कोणी नव्हतं. आणि ज्याच्याकडे काही मागायचं नसतं त्याच्या ओट्यावर कोणी टेकतही नाही. रविवारची दुपार तो घणाच्या दांड्याला तेल लावत बसे. दांड्याला एवढं तेल लागत नाही.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी चर्चमध्ये हंगामाचा सण झाला. ज्याच्या शेतात-परसात जे पिकलं ते त्यानं आणायचं, वेदीपुढे ठेवायचं, आणि उपासनेनंतर बाहेर कडुनिंबाखाली त्याचा लिलाव. घेणारा मुद्दाम चढ्या भावानं घेई, कारण पैसा चर्चचा. आणि घेतलेली वस्तू पुष्कळ जण पुन्हा देऊन टाकत, कोणी लिलावातच, कोणी एखाद्या गरजूला. ते मोठ्या मनाचं समजलं जाई.

लुकसकडे शेत नव्हतं. त्यानं वणीच्या बाजारातून एका धनगराकडून काळी घोंगडी घेतली. वीण अशी घट्ट की उन्हाकडे धरली तरी भोक दिसेना. ती त्यानं भोपळ्यांच्या आणि कणसांच्या मध्ये घडी करून ठेवली.

लिलाव मारोतरावकडे होता. "हे चार अंडे! कोंबडी घरीच हाय, थे मागू नोका! बोला!" लोक हसत होते. मग घोंगडी वर आली. "ही लुकसभाऊची!" सगळे वळून पाहू लागले. बोली चढली. मास्तर बोलले, खाणीतले दोघं बोलले, बाबाराव त्यांच्या वर बोलले. लुकस खोडाला टेकून उभा होता. बोली वाढेल तसं त्याचं अंग सैल होत गेलं. कोकिळा गेल्यापासून इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं.

घोंगडी बाबारावांना गेली. त्यांनी पैसे दिले, घडी उलगडली, गर्दीतून वाट काढत लुकसकडे आले, आणि ती त्याच्याच खांद्यावर पांघरली.

"थंडीचे दिवस हायेत लुकस. तूच घे."

टाळ्या पडल्या. पाळक अमोलिकांचे डोळे भरून आले. सत्यभामाबाईनं पदर तोंडाला लावला. लुकस घोंगडीत उभा राहिला. भर दुपारची वेळ होती, त्याला घाम आला.

ती घोंगडी त्या हिवाळ्यात खुंटीवरच राहिली. तो जुन्या वाकळीत झोपला.

पुढच्या रविवारी त्यानं पुरचुंडी घेतली आणि चर्चच्या पायरीवर ठेवून चालू लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्यभामाबाई दारात हजर.

"आमचे दाणे तुले जड झाले का?"

"नाई वहिनी. यादीतलं माहं नाव काढा. बाकी काई नाई."

"अन् लोक काय म्हनतीन? एकटा मानूस, एक डोया गेलेला, अन् सत्यभामानं त्याले वाऱ्यावर सोडला? माह्या तोंडाले काळं फासतं का?"

"मी उपाशी नाई."

"तुले काय कळते उपाशी अन् काय पोटभर! पाय तुह्या घरात, एक तवा अन् एक गंज, तिसरं भांडं नाई!" तिनं पुरचुंडी चुलीपाशी ठेवली आणि ती गेली.

लुकसनं एक डबा घासला आणि चुलीशेजारी मांडला. बायका टाकत तशी तोही पीठ मळण्याआधी एक मूठ ज्वारी त्यात टाकू लागला. रविवारी इतरांबरोबर त्यानं आपला डबा पोत्यात रिता केला. सत्यभामाबाईनं ते पाहिलं. उपासनेनंतर यादी वाचली गेली. पाचवं नाव आलं, आणि त्याच पोत्यातली पुरचुंडी त्याच्या हातात आली. नेहमीपेक्षा मोठी होती.

वर्षभर असंच चाललं. जितकी तो टाके तितकी पुरचुंडी फुगे. त्यानं भांडण केलं नाही. त्यानं काम वाढवलं. घरी येताना अंधार होऊ लागला, आणि शनिवारची अर्धी सुटीही दगडावर जाऊ लागली. कशासाठी, ते त्याला नाताळाचे वाटे ठरतात त्या दिवशी सांगायचं होतं.

नाताळाला सगळ्या मंडळीचं प्रीतिभोजन असे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वाटे लागत: डाळ कोणाची, तेल कोणाचं, सरपण कोणाचं. भाताचा वाटा नेहमी बाबारावांचा. भात म्हणजे मोठा वाटा. राजूरकडे रोजची ज्वारी, भात सणाचा. पाळक कागद-पेन्सिल घेऊन बसले.

"भात माहा," लुकस म्हणाला.

पाळकांनी पेन्सिल उचलून बाबारावांकडे पाहिलं. मग मारोतराव मोकळेपणी हसला. "लुकसभाऊ, तू मीठ घे गा. मिठाबिगर काय चव हाय?"

"भात," लुकस पुन्हा म्हणाला.

"शंभराच्या वर मानसं हायेत," बाबाराव समजुतीनं म्हणाले. "कायले जिवाले घोर लावून घेतं? प्रभू मन पायते, माप नाई पायत."

"मंग तुमीच मीठ घ्या," लुकस म्हणाला.

ते कोणाला ऐकू आलं नसावं, किंवा आलंही असेल. पाळकांनी लिहिलं: भात बाबाराव, मीठ लुकस. मीठ हा पोरासोरांचा वाटा होता.

नाताळाच्या आदल्या दिवशी लुकस वणीला गेला. चार दुकानं हिंडून, तांदूळ दाताखाली फोडून पाहून, त्यानं मणभर जुना तांदूळ घेतला. बसच्या टपावर पोती आपटून फुटतात, म्हणून ते डोक्यावर घेऊन तो चालत निघाला. चार कोस. एकट्या माणसानं डोक्यावरचं ओझं जमिनीवर ठेवायचं नसतं. परत चढवून द्यायला दुसरा लागतो. तो पुलाचा कठडा आला की तिथे पोतं टेकवी, मान सोडवी, आणि तिथूनच पुन्हा डोक्यावर घेई. वाटेत असे कठडे तीन होते. तिसऱ्यापासून पुढचा पल्ला सगळ्यात लांब होता.

नाताळाच्या सकाळी चर्चच्या मागे तीन मोठ्या चुली पेटल्या होत्या. भाताच्या गुंडात, त्या मोठ्या पितळी भांड्यात, आधण ठेवलं होतं. बाबारावांचं बैलबंडीतून आणलेलं पोतं शेजारी उभं होतं, अजून शिवलेलंच. लुकस आला. त्यानं डोक्यावरचं पोतं उतरवलं आणि कमरेची पुडी काढून सत्यभामाबाईपुढे धरली.

"हे मीठ. कागदावर हाय थे. अन् हे तांदूळ."

"अरे, मीठ देलं ना, झालं की!" मारोतराव म्हणाला.

बाबाराव पुढे आले. "लुकस, माहे तांदूळ आले हायेत. तुहे तू घरी ने. सा महिने पुरतीन तुले."

लुकस त्यांच्याकडे वळला. एका डोळ्यामुळे त्याला सगळी मान वळवावी लागे.

"पारसाली मी घोंगडी देल्ली, तं तुमी मलेच पांघरली," तो म्हणाला. "आता मी सांगून राह्यलो. तुमचे तांदूळ तुमी घरी न्या. थंडीचे दिवस हायेत."

मारोतरावच्या तोंडून एक हसू सुटलं आणि त्यानं ते शेल्यात दाबलं. बाबारावांचा चेहरा उतरला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना ती दुपार लुकसच्या बाजूनं दिसली असावी. पाळक मध्ये आले.

"दोघांचे अर्धे अर्धे घेऊ या. म्हणजे—"

"अर्धे नाई, पाळकसायेब. अर्ध्यात मी परत मिठावरच येतो."

आधण खळखळू लागलं होतं. सगळ्या बाया सत्यभामाबाईकडे पाहत होत्या. तिनं नवऱ्याच्या पोत्याकडे पाहिलं, मग लुकसच्या.

"पानी आटून राह्यलं अन् तुमी उभ्यानं पंचायत करा!" ती म्हणाली. तिनं विळा उचलला आणि लुकसच्या पोत्याची शिवण सर्रकन कापली. मूठभर तांदूळ घेऊन बोटांतून खाली सोडले. "जुने हायेत. मोकया होईन भात." आणि मग नवऱ्याला, मान वर न करता, "आपलं पोतं बंडीवर टाका."

बाबारावांनी पोतं उचललं. ते त्यांना एकट्याला पेलेना. लुकसनं दुसरं टोक धरलं.

दुपारी पंगती बसल्या. एकशे नऊ माणसं जेवली. लुकस दुसऱ्या पंगतीत होता, समोरच बाबाराव. कोणी आभार मानले नाहीत, टाळ्या वाजल्या नाहीत. बाबाराव जेवताजेवता थांबले, बोटानं दाढेतून काहीतरी काढलं आणि पत्रावळीच्या कडेला ठेवलं.

"खडे निंगून राह्यले गा तुह्या भातात."

तीन वर्षांत मंडळीतल्या कोणीही लुकसच्या कशालाही नाव ठेवलं नव्हतं.

"दगड फोडनाऱ्याचा भात हाय," तो म्हणाला. "दोन-चार खडे तं येतीनच."

"दोन-चार? हा चौथा हाय माहा!"

पंगत हसली. सत्यभामाबाईनं दोघांनाही आणखी भात वाढला, लुकसला जास्त नाही.

पुढचा रविवार नव्या वर्षाचा पहिला दिवस होता. उपासना संपली, पाळकांनी यादी वाचली. चार नावं वाचली आणि कागदाची घडी केली. सत्यभामाबाईनं चार पुरचुंड्या दिल्या आणि पोत्याचं तोंड बांधलं. लुकस दाराशी पोचला तेव्हा तिनं नुसती मान हलवली. तो बाहेर आला. तीन वर्षं दर रविवारी त्या दारात कोणीतरी त्याला अडवत होतं, दंडाला धरत होतं, ओरडत होतं. आज वाट मोकळी होती. लोक आपापल्या घरांकडे बोलत निघाले होते.

तो घरी आला. सुटीचा दिवस होता, भोंगा वाजला नाही. त्यानं एकट्यापुरतं पीठ काढलं, आधी एक मूठ ज्वारी डब्यात टाकली, आणि भाकर थापली. पोळी-भाजीचा वास शेजारच्या घरून येत होता.

मणभर तांदळाला त्याचे अठरा दिवस लागले होते. अठरा पहाटा, आणि जादा कामाचे शनिवार वेगळे. रोज कमरेएवढा रचलेला, आतून भरीव ढीग. त्या सगळ्याचं एका दुपारी जेवण झालं. गुंड खरवडून धुतला होता, शीतही उरलं नव्हतं, आणि आता ते त्याला परत आणून देणं कोणालाच शक्य नव्हतं.